तुडवायचे वेगळे

"किती द्यायचे, उस्ता?" नुसरत अकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"मनाला येईल ते द्या," माझी सासू तिसऱ्यांदाही तेच म्हणाली आणि त्यांच्या पेल्यात अर्धाच चहा ओतला, पाहुण्याला ओततात तसा.

मी त्या वेळी खड्ड्यात होते. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, त्यात कातरलेले बकरीचे केस, आणि सकाळपासून मी तो तुडवत होते. पाय गारठून लाकूड झाले होते, तरी तळपायाची आग मस्तकात जायची ती गेलीच.

मनाला येईल ते! लोकांच्या मनाला काय येतं ते मी एकोणीस वर्षं बघत होते. शाळेतल्या मास्तरांच्या मनाला एक खरबूज आलं होतं, तेही एका बाजूनं मऊ पडलेलं. कापूस-गिरणीतल्या बाईच्या मनाला ओढणीचं कापड आलं. एका लग्नघरानं तर "उस्ता, तुम्ही घरच्याच," म्हणून पोटभर पुलाव वाढला आणि हात जोडले. आम्ही दोघी वीस दिवस राबून तयार केलेला तंदूर, आणि घरी आलो पुलावाचा ढेकर देत.

माझी सासू खोसियत उस्ता, उस्ता म्हणजे कसबी कारागीर. समरकंदजवळच्या ऊर्गुतच्या आमच्या अंगाला तंदूर बायकाच घडवतात, आणि त्यांतही हात म्हणावा तो हिचाच. पण या कामाची एक रीत आहे. उस्तानं आपल्या तोंडानं किंमत सांगायची नाही. आकडा तोंडातून निघाला की तंदुराला तडा जातो, असं तिच्या सासूनं तिला सांगितलेलं. गिऱ्हाईक देईल ते न बघता बाहीत सारायचं. मग तंदूर जागेवर बसला, पहिला विस्तव झाला, की पहिला नान उस्ताच्या हातात. तिनं तुकडा मोडून तोंडात घातला की घरधनी विचारतो, "राजी का, उस्ता?" आणि ती म्हणते, "राजी." त्यानंतरच घरचा नान आत लागायचा. ज्याची उस्ता राजी नाही, त्या तंदुरातला नान चोरीचा, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा मानतं.

माझी सासू आजवर सगळ्यांना राजी म्हणत आलेली. त्या मऊ खरबुजालाही.

नुसरत अकांचं, अका म्हणजे दादा, समरकंदच्या हमरस्त्यावर मोठं खानावळीचं दुकान होतं. "आपा, मला चार तंदूर हवेत. खर्च धरायला नको का? आणि माझ्या मनाचं म्हणाल तर ते फार चिकट आहे हो. त्याच्यावर सोडाल तर पस्तावाल," असं म्हणून ते हसले. माणूस वाईट नव्हता.

सासूनं किटली उचलली. आता ती चौथ्यांदा तेच म्हणणार, एवढ्यात खड्ड्यातून माझाच आवाज मला ऐकू आला.

"एकाचे नऊ लाख सोम."

सासूचा हात किटलीवरच राहिला. मी भांडायच्या पवित्र्यात उभी. सातवर येऊ, मग साडेसात म्हणू, असं सगळं डोक्यात तयार होतं.

"ठीक," नुसरत अका म्हणाले. पेला उपडा घातला आणि उठले.

ठीक! एवढंच! घासाघीस नाही की कुरकुर नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्या चिखलात उभी राहून ओठ चावत होते. इतकी वर्षं तोंड उघडायचाच काय तो अवकाश होता म्हणायचा.

गाडी गेल्यावर सासू एवढंच म्हणाली, "तडकतील बघ."

नाही तडकले. एकही नाही. चारही भिंती तिनं वळ्यावर वळी चढवत उचलल्या, आतून एक हात, बाहेरून लाकडी फळी, थप थप थप. तोंडानं मात्र माझ्याशी अक्षर नाही. मीही काय कमी? मी तुडवत राहिले.

जर्दाळू कधीच वाळून पोत्यांत गेले होते, तेव्हा आम्ही खानावळीत जाऊन तंदूर बसवले. विस्तव झाला, भिंती पांढऱ्या पडल्या. भटारखान्यातल्या माणसानं पहिला नान स्वच्छ फडक्यावर सासूसमोर ठेवला. नुसरत अकांनी ठरल्याप्रमाणे सगळे पैसे आधीच दिले होते, वर एक गरम शालही. त्यांनी छातीवर हात ठेवून विचारलं, "राजी का, उस्ता?"

सासूनं नानाला हात लावला नाही.

"आकडा मी सांगितलेला नाही," ती म्हणाली. "जिनं सांगितला, तिला विचारा." आणि फडकं तिनं माझ्यापुढे सरकवलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आचारी, भांडी घासणाऱ्या दोघी, खिम्याच्या सोमशाची वाट बघत टेकलेले ट्रकवाले. नुसरत अका जरा गोंधळले, मग माझ्याकडे वळून तसाच छातीवर हात ठेवला. "राजी का, सूनबाई?"

मला आजवर कोणी हे विचारलं नव्हतं. घरच्यांनी नाही, गिऱ्हाइकांनी नाही. आणि ज्याचा हात धरून या घरात आले, तो तिसऱ्या वर्षीच कामाला रशियात गेला आणि तिथे दुसरं घर करून बसला, त्यानंही नाही. एक साधा प्रश्न. माझ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा. ट्रकवाले बिचारे दुसरीकडे बघायला लागले.

मी नानाचा तुकडा मोडला, कसाबसा गिळला. "तुमच्यावर राजी आहे, अका," मी म्हणाले. "तुमच्याकडे माझं काही राहिलेलं नाही."

तंदुरात भराभरा नान लागले. पण माझ्या बोलण्यातला 'तुमच्यावर' सासूनं बरोबर उचलला होता. परतताना भाड्याच्या छोट्या गाडीत ती मागच्या सीटवर मला चिकटून बसली होती. गाव दिसायला लागल्यावर तिनं विचारलं, "आणि माझ्यावर?"

खोटं बोलता आलं असतं. सुना बोलतातच.

"नाही, आई," मी म्हणाले. "तुमच्यावर नाही."

आणि मग जे सुटलं तोंड! एकोणीस वर्षं चिखलात पाय माझे, बोटांच्या बेचक्या फुटतात त्या माझ्या, आणि उस्ता कोण, तर तुम्ही. ओढणीचं कापड आलं ते नणंदेला गेलं. तुमचा मुलगा गेला तरी मी राहिले, ते काय खरबुजाच्या फोडीसाठी? तुम्ही राजी राजी म्हणत मोठ्या मनाच्या झालात. ते मोठेपण तुडवत कोण होतं? गाडीवाल्यानं आरसा वळवून आमच्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, "पुढे बघ रे बाबा, तू कशाला तडकतोस?"

सासू सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी तरी कुठे राजी होते? त्या खरबुजावर मी राजी होते असं वाटतं तुला?"

"मग म्हणायचं कशाला?"

"नाही म्हटलं असतं तर त्या घरात नान लागला नसता. मास्तरांची पाच लेकरं होती गं. त्यांना काय सांगायचं, उस्ता रुसलीय म्हणून?" तिनं मांडीवरच्या शालीची घडी मोडली, परत घातली. "मी गिळत गेले. ते तुझ्या अंगावर साठत होतं, हे मला दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले तर खड्ड्यात सासू! वय सत्तरीला टेकलेलं, इजार गुडघ्यावर खोचलेली, भिंतीला धरून चिखल तुडवतेय. तिचं उजवं पाऊल तरुणपणी पडल्यापासून आत वळलेलं. त्या वाकड्या पावलानं एक पाय टाकायची, थांबायची, मग दुसरा.

"आई! बाहेर या आधी. लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"राजी झालीस?"

"नाही."

"मग तुडवू दे. भिंत तू उचल, तुला येते. वीस वर्षं बघतेयस."

"एकोणीस."

"बरं बाई, एकोणीस."

आणि मी भिंत उचलली. पहिली बसली, थोडी पोट काढून. ती खड्ड्यातूनच ओरडली, "गरोदर आहे का गं ती?" आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या हामरो आपा कुंपणावरून डोकावल्या. म्हाताऱ्या सासूला चिखलात आणि सुनेला कोरडं बघून त्यांचं तोंड जे उघडलं ते मिटेना. संध्याकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात झालं. होऊ दे, म्हटलं.

सगळा शरद असाच गेला. रोज सकाळी ती खड्ड्यात उतरायच्या आधी माझ्यापुढे उभी राहायची आणि उजवा तळवा वर करून पुढे धरायची, "राजी?" मी म्हणायचे, "अजून नाही." ती जिभेनं चक् करायची. "फार महाग आहेस बाई तू!"

आता खरं सांगते. आठवड्याभरातच मी राजी झाले होते. पहिल्या दिवशीच झाले होते म्हणा ना, तिचं ते वाकडं पाऊल चिखलात पाहिलं तेव्हाच. पण रोज सकाळी कोणीतरी समोर उभं राहून मला विचारतंय, याची मला चटक लागली होती. एकदा राजी म्हटलं की तिनं विचारणं थांबवलं असतं. म्हणून मी ते लांबवत गेले.

एकदा ती खड्ड्यातून वर आली, कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकली. पायांच्या बेचक्या फुटून रक्ताळलेल्या. मी तूप लावायला बसले तर म्हणाली, "कुमरी, मला वाटायचं भिंत उचलणं म्हणजे काम. हे नुसतं आपलं पायाखालचं. सगळ्यात जड हेच आहे गं." जरा वेळानं म्हणाली, "यापुढे आकडा सांगशील ना, तेव्हा तुडवायचे वेगळे सांग."

थंडी पडायच्या आधी तिनं शेवटचा चिखल तुडवला. तो हिवाळाभर मुरायला ठेवतात. वर ओलं पोतं, त्यावर लोकरीच्या नमद्याचं जाड पांघरूण, असं झाकून टाकलं.

जानेवारीत तिच्या छातीत कफ झाला. डॉक्टर येऊन सुया देऊन गेला. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आत गेले तर ती जागी होती. बोलता येत नव्हतं, श्वासच पुरत नव्हता. माझ्याकडे बघून तिनं उजवा हात उचलला आणि तळवा वर करून पुढे धरला.

मला वाटलं, चहा मागतेय. मी अर्धा पेला ओतला, फुंकून तिच्या ओठांना लावला. एक घोट तिनं घेतला, माझ्याकडे बघत राहिली. मी पेला धुवायला बाहेर गेले. नळाखाली हात धरला आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं तो हात काय विचारत होता. मी पेला टाकून धावले.

आत गेले तेव्हा सगळं संपलं होतं.

तिला आंघोळ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळल्यावर हामरो आपांनी रीतीप्रमाणे खोलीतल्या बायकांना विचारलं, "खोसियत उस्तावर सगळ्या राजी आहात का?" मास्तरांची बायको म्हणाली, राजी. गिरणीतली म्हणाली, राजी. एकेकीचं तोंडभरून ऐकू येत होतं. त्यांचं काय जात होतं!

"सूनबाई, तुझं ऐकू आलं नाही."

"राजी," मी म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. मग म्हणतच राहिले, अंगणातल्या पुरुषांनी तिला खांद्यावर घेऊन पावलं उचलली तरी, अगदी वळणापलीकडे जाईपर्यंत. हामरो आपांनी शेवटी माझ्या तोंडावर हात ठेवला.

मार्चात, नवरोजच्या आसपास एक गिऱ्हाईक आलं. मुलाचं लग्न काढलेलं, नवी चूल मांडायची होती. चांगला धिप्पाड माणूस, डोक्यावर नवी कोरी टोपी.

"किती द्यायचे, उस्ता?"

"तंदुराचे नऊ लाख," मी म्हणाले. "तुडवायचे वेगळे. दोन लाख."

"तुडवायचे वेगळे?" तो हसला. "हे बरंय! अहो, ते काय काम आहे? ते तर घरातल्या बायकाच करतात!"

मी उठले. खड्ड्याशी गेले, नमद्याचं पांघरूण ओढलं, पोतं उचललं. हिवाळाभर कोणी हात लावला नव्हता. चिखल मुरून काळसर, गुळगुळीत झाला होता आणि त्यावर शेवटच्या दिवशीची तिची पावलं होती तशीच उमटलेली. डावं सरळ, उजवं आत वळलेलं. डावं सरळ, उजवं आत वळलेलं. भिंतीच्या कडेला ती खोल होती, तिथे ती टेकून दम खायची.

तो माणूस वाकून बघत राहिला. "कोणाची ही?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"माझ्या सासूची. सत्तर वर्षांची होती."

तो सरळ झाला. मग म्हणाला, "ठीक. तुडवायचे वेगळे."

तो गेल्यावर मी इजार खोचून आत उतरले. मुरलेला चिखल परत एकदा तुडवावा लागतो, त्याशिवाय भिंत धरत नाही. मी तिच्या पावलांना सोडून कडाकडांनी तुडवायला लागले. दुपारपर्यंत सगळं झालं, तिच्या पावलांचा तेवढा तुकडा राहिला. तिथे उभी राहून मी उजवा तळवा वर करून पुढे धरला, आणि अंगणात कोणी नव्हतं तरी विचारलं, "राजी का, उस्ता?"

मग तोही तुडवला. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.