मुरमावरची सुबाभूळ

धाकट्याच्या घोडीचे केस गळाले आणि दोष आला थोरलीच्या झाडांवर.

वस्तीच्या समितीचा शिपाई तक्रारीचा कागद घेऊन दारात आला तेव्हा थोरली शेळीची धार काढत होती. चष्मा आत राहिला होता, म्हणून त्यानंच वाचून दाखवलं. 'अर्जदाराच्या बहिणीने कब्जातील जागेत विषारी झाडे लावली असून त्यामुळे अर्जदाराच्या घोडीच्या जिवास धोका निर्माण झाला आहे. सबब झाडे काढून टाकावीत व जागा परत मिळावी.' पाहणी उद्या सकाळी दहाला.

"परत म्हणजे?" थोरलीनं विचारलं.

"मी फक्त वाचतो, बाई," शिपाई म्हणाला आणि सटकला.

अर्जदार म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी तिच्याच कडेवर बसून त्यानं सारी वस्ती पालथी घातली होती. आणि आता अर्ज करताना त्याला साधं 'ताई' लिहायचं सुचू नये? 'अर्जदाराची बहीण' म्हणे. दूध काढून झालं, तापवायचं राहिलं, आणि थोरली तशीच चरवी हातात धरून धुमसत बसली.

तिचा संताप समजायचा तर नऊ वर्षं मागे जावं लागेल. थोरलीनं दवाखान्याच्या धुलाईखात्यात तीस वर्षं चादरी धुतल्या. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन घरी आली त्याच वर्षी वडील गेले आणि वाटणीचा विषय निघाला. रस्त्यालगतची काळी, खोल जमीन धाकट्यानं ठेवली, कारण त्याला संसार होता. बांधापलीकडचा मुरमाड उतार थोरलीला, कारण तिला एकटीला असं लागतं किती? असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. हद्दीचा खुंट रोवायला त्यानं त्या उतारावर पहार मारली तर खण्णकन आवाज झाला, ठिणगी उडाली आणि पहार उडून बाजूला पडली. धाकटा हसला होता. "ताई, इथं खुंटसुद्धा उभा राहायचा नाही. पण तुझं तू बघ." खुंट शेवटी दगडांच्या ढिगात उभा केला. कागदावर मात्र दोघांचंही नाव चढलं नाही. घरातलीच गोष्ट, कागद कशाला, असं धाकटा म्हणाला आणि थोरलीनं मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा तिला पुढं फार पश्चात्ताप झाला.

रोपवाटिकेत काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईनं तिला मूठभर बी दिलं. चपटं, तपकिरी, गुळगुळीत. सुबाभूळ. मुरमातसुद्धा मूळ घालते, शेळ्या आवडीनं खातात, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीचा कस वाढतो, असं त्या बाईनं सांगितलं. वर दोन गोष्टी बजावल्या. शेंगा पिकायच्या आत छाटायची, नाहीतर सगळीकडे माजते. आणि पाला शेळ्यांना घालायचा, घोड्यांना नाही.

पहिल्या वर्षी थोरलीनं टिकावानं दोनशे खड्डे पाडले. तेही कसले खड्डे, वाटीएवढे. प्रत्येकात घमेल्यातून वाहून आणलेली ओंजळभर माती. धाकटा बांधावर उभा राहून दात कोरत बघायचा. दोनशेतली साठ जगली. मग तिनं पुन्हा बी भिजवलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या वर्षी पहिली छाटणी झाली. कोयता कसा चालवायचा याची तिची पद्धत ठरलेली होती: कमरेच्या उंचीवर, एका घावात, तिरका काप, म्हणजे खोडावर पाणी साचत नाही आणि पुन्हा जोमानं फुटवा येतो. कोवळा पाला गवतात मिसळून सात शेळ्यांना. उरलेला पाला, लेंड्या, सालपटं सगळं झाडांच्या ओळींमध्ये; तिथं माती धरल्यावर तिनं मका पेरायला सुरुवात केली. नऊ वर्षं, एक दिवस न चुकता. शेळ्यांचं दूध बाजारपेठेतल्या चहाच्या दुकानात जायचं आणि त्यावर तिचं बरं चाललं होतं.

धाकट्याची घोडागाडी होती. स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना तो तलावापर्यंत फिरवून आणायचा. पांढरीशुभ्र घोडी, लांब आयाळ. लोक गाडीपेक्षा घोडीचेच फोटो काढायचे. मागं एकदा त्यानं पाल्याची विचारणा केली होती. "शेळ्यांना हवा तेवढा ने," थोरली म्हणाली होती. "घोडीला नाही."

"का? माझ्या घोडीचं तोंड काय वाईट आहे?"

"केस जातात तिचे."

धाकटा इतका हसला की गाडीवरून पडायचा राहिला.

गेल्या दोन महिन्यांत थोरलीला झाडांवर वेगळेच घाव दिसायला लागले होते. फांद्या ओरबाडलेल्या, साल खालपर्यंत सोललेली. दुपारी ती दूध पोचवायला बाजारपेठेत जायची, त्या वेळात हे व्हायचं. कोण ते तिला कळत होतं, पण सख्ख्या भावाला चोर कसं म्हणायचं, म्हणून तिनं कानाडोळा केला. आता चोरानंच अर्ज केला होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी दहाला समितीचे अध्यक्ष आले, जनावरांची डॉक्टरीण आली. धाकटा घोडीला घेऊन आला, मागून त्याची बायको. धाकट्याच्या बगलेत पहार. पाहणीला पहार कशाला हे थोरलीनं विचारलं नाही, पण तिच्या नजरेतून ती सुटली नव्हती.

घोडीची अवस्था बघवत नव्हती. मानेवर ठिगळं पडली होती आणि शेपटीची नुसती काठी उरली होती. थोरलीला घोडीचं वाईट वाटलं आणि त्यानं तिचा राग आणखीच वाढला.

"बघा साहेब," धाकटा म्हणाला, "बांधावरून नुसतं तोंड घातलं बिचारीनं, चार पानं खाल्ली असतील. एवढं विष आहे त्या झाडात."

डॉक्टरीणबाईंनी घोडीचे खूर तपासले, डोळे पाहिले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "गवत सोडून रोज काय घालता?"

धाकटा उत्तराची जुळवाजुळव करत होता तेवढ्यात त्याची बायको मदतीला धावली. "दोन महिने झाले, दोन भारे पाला. दुपारचा. हे स्वतः तोडून आणतात, दुसऱ्याच्या हातचा चालत नाही यांना."

धाकट्यानं बायकोकडे असं पाहिलं की ती पदराशी चाळा करायला लागली.

"दोन महिने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मग केस जाणारच. या पाल्यात एक द्रव्य असतं. शेळी रवंथ करते, तिच्या पोटात ते बरंचसं पचतं, शिवाय मावशी गवतात मिसळून देतात. घोडी रवंथ करत नाही. पाला बंद करा, केस परत येतील."

"म्हणजे विषारी आहेच की थोडंसं," अध्यक्ष म्हणाले. ते कोणालाही न दुखावण्याबद्दल प्रसिद्ध होते आणि त्यामुळे सगळ्यांनाच दुखवायचे. "मावशी, काढून टाकली झाडं तर वादच मिटेल. कशाला घरात कटकट?"

"वाद मिटेल?" थोरली म्हणाली. "माझ्या रानात शिरून माझी झाडं ओरबाडली यानं. नको सांगितलं तेच केलं यानं. जनावराचे हाल केले यानं. आणि झाडं मी तोडायची? साहेब, तुमच्या घरातली औषधाची बाटली चोरून कोणी पिऊन टाकली, तर तुम्ही दवाखाना बंद कराल का?"

अध्यक्ष झाडांकडे बघत राहिले. धाकट्याला मात्र कंठ फुटला.

"झाडांचं राहू द्या. मूळ मुद्दा जमिनीचा. कागदावर अजून बाबाच आहेत. तो उतार ताईला तात्पुरता दिला होता. पुन्हा वाटणी करू, मधोमध. हद्द आत्ता आखून घेऊ, तुमच्यासमोर."

म्हणजे घोडी निमित्त होती. थोरलीला सगळं लख्ख दिसलं. तिच्या ओळींमध्ये यंदा मका डोक्याएवढा उंच उभा होता, आणि बांधाच्या पलीकडे त्याचा गुडघ्याला टेकला नव्हता, ते काय तिला दिसत नव्हतं? दरवर्षी तेच पीक, धसकटं जाळून टाकायची, मातीला परत काही म्हणून द्यायचं नाही. काळीभोर जमीन त्यानं नऊ वर्षांत पिळून काढली होती आणि आता त्याचा डोळा मुरमावर होता.

धाकटा दोन ओळींच्या मध्ये गेला. पहार त्यानं दोन्ही हातांनी उचलली. इथं खडक आहे हे त्याच्या हातांना पाठ होतं, म्हणून सारा जीव एकवटून मारली. पहार भसकन आत गेली, हातभर, आणि पाठोपाठ धाकटा तोंडावर पडला. नाकातोंडात माती गेली. काळी, ओलसर, भुसभुशीत माती.

त्याची बायको हसली. मग तोंडावर हात ठेवला.

थोरली हसली नाही. तिनं पहार उपसली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. "आता बांधापलीकडे मारा. त्याच्या रानात. कुठंही."

अध्यक्षांना नाही म्हणता येईना. ते बांध ओलांडून गेले आणि दगडासारख्या कडक झालेल्या मातीवर बेतानंच पहार मारली. खण्णकन आवाज झाला. घोडी दचकली.

"हाच आवाज," थोरली म्हणाली. "याच आवाजावर हा हसला होता. आज मुरमाची माती झाली तेव्हा त्याला बहीण आठवली, नाही? नऊ वर्षांत मातीची एक पाटी उचलून दिली असतीस ना, तर अर्धी मीच दिली असती. मागायचीही वेळ आली नसती तुझ्यावर."

धाकटा तोंड पुसत उभा राहिला.

बोलली त्याची बायको. "वन्सं, आमच्या रानात येतील का ही झाडं?"

"का नाही येणार? तुमचं रान तर अजून मुरूम झालेलं नाही. ओळी टाका, मध्ये पीक घ्या, पाला जिथल्या तिथं पसरा. चार-पाच वर्षांत फरक दिसेल."

"मग बी द्याल?"

थोरली घरात गेली. येताना एका हातात बियांची पुरचुंडी होती आणि नाकावर चष्मा. शिपायानं आणलेला तक्रारीचा कागद तिनं उलटा करून अध्यक्षांसमोर धरला. मागची बाजू कोरी होती.

"लिहा, साहेब. बांधालगतचा मुरमाड उतार, झाडांसकट, बहिणीचा. यात पुन्हा वाटणी नाही. तुम्ही साक्षीदार, डॉक्टरीणबाई साक्षीदार. आणि पुढच्या आठवड्यात हा माझ्याबरोबर नोंदणी कार्यालयात येईल."

अध्यक्षांनी लिहिलं. थोरलीनं एकेक शब्द वाचला आणि 'बहिणीचा' खोडून 'ताईचा' करायला लावलं.

धाकट्यानं पेन घेतलं. त्यानं तिच्या मक्याकडे पाहिलं, आपल्या रानाकडे पाहिलं, मग घोडीच्या शेपटीकडे. आणि सही केली.

थोरलीनं सही वाळेपर्यंत फुंकर मारली. कागद ब्लाउजमध्ये खोचला. मगच पुरचुंडी भावजयीच्या हातावर ठेवली, भावाच्या नाही.

"पाणी उकळायचं, खाली उतरवून जरा थांबायचं, मग बियांवर ओतायचं आणि रात्रभर भिजू द्यायचं. पहिलं वर्ष जनावरं आत सोडायची नाहीत. शेंगा पिकू द्यायच्या नाहीत. कापताना मला बोलवा, कोयता कसा धरायचा ते दाखवीन. ओरबाडायचं नाही."

"आणि पाला?" धाकट्यानं खाली बघतच विचारलं.

थोरली शेळ्या सोडायला वळली होती. तिचा राग गेला नव्हता. इतक्यात जाण्यासारखा तो नव्हताच. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"घोडीला नाही," ती म्हणाली.