मधला काटा

"ड्रायव्हरसाहेब, आज बसायचं की ढकलायचं?"

विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज सोडेल तर ती भोंगा कसली! मोठ्या आवाजामुळे सगळे तिला भोंगाच म्हणत. शाळेची अख्खी बस खो खो हसली. ड्रायव्हरसाहेब, म्हणजे तिचे बाबा, तेवढे हसले नाहीत.

"ढकला," ते म्हणाले.

आठवड्यात तिसऱ्यांदा बॅटरी उतरली होती. शाळेच्या दारात बसचा मालक वाट बघतच होता. सगळ्यांदेखत म्हणाला, "रात्रभर दिवे चालू ठेवून घरी जातोस? उद्या चाव्या आणून दे."

भोंगा मान खाली घालून बसमधून उतरली.

संध्याकाळी पुन्हा ढकलूनच निघालेल्या बसमध्ये ती बाबांच्या शेजारी जाऊन बसली. "दिवे राहिले होते, बाबा?"

"छे गं! आणि चार्जिंगही चोख आहे. काटा बघ, बरोबर मधे. वीस वर्षं बघतोय, काटा मधे म्हणजे घोर नाही."

तिने डायलवर नाक टेकवलं. काट्याखाली बारीकसं अक्षर होतं, व्ही.

"अहो बाबा, हा विजेचा प्रवाह मोजणारा ॲमीटर नाहीच! त्याच्या मध्यावर शून्य असतं, म्हणजे बॅटरी भरलेली. हा व्होल्टमीटर आहे, ह्याच्या मध्यावर बारा व्होल्ट. इंजिन चालू असताना काटा चौदाच्या आसपास हवा. बॅटरीला चार्जिंग मिळतच नाहीये!"

"तुला कोणी शिकवलं?"

"प्रयोगशाळेत एकाच्या जागी दुसरा जोडला, म्हणून बाईंनी कान उपटलेत माझे!"

बाबांच्या कपाळावर आठी पडली. "सुट्टीत मालकाच्या मेकॅनिकनं डायल बदलली खरी. बोलला नाही काही. तसाच गोल, तसाच काटा..."

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. "मग सांगा की मालकांना!"

"काय सांगू? वीस वर्षं गाडी चालवतोय आणि काटा वाचता येत नाही? त्यापेक्षा दिवे राहिले असंच समजू दे. विसराळू म्हणवून घेईन, अडाणी नाही."

"घ्या म्हणवून, आणि बसा घरी! चूल काय तुमच्या ऐटीवर पेटणार आहे?"

भोंगा ताटावरून उठली.

"उद्या चाव्या द्यायला मीही येणार. इंजिन चालू करून मालकांना काटा दाखवणार. न सांगता डायल बदलली त्यांच्या माणसानं, लाज वाटायची तर त्यांना वाटू दे. बाबा, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. बोलणार मी."