शेजारचे ल्युसीन

संघप्रियेने आपल्या विषयाची ओळख घरच्यांना करून दिली ती पैंजणाच्या आधाराने. हुपरीच्या त्या घरात तिची आई शेवंताबाई चांदीच्या कड्या जुळवीत बसली होती. तिच्या पुढ्यातले एक अपुरे पैंजण उचलून संघप्रियेने ते मुठीत गच्च धरले आणि वडिलांना, आबांना, विचारले की साखळीत एकमेकींपासून दूर असलेल्या किती कड्या आता एकमेकींना टेकल्या असतील. प्रथिन हीसुद्धा अशीच एक साखळी आहे, अमिनो आम्ले या तिच्या कड्या, आणि ती मिटली म्हणजे कोणती कडी कोणत्या कडीच्या निकट येते हे मोजणे हे आपले काम, असे तिने सांगितले. त्या निकटतेला ती ‘स्पर्श’ म्हणे. दोन कड्यांमधील अंतर ठरावीक मर्यादेच्या आत आले की स्पर्श मानायचा, आणि अशा स्पर्शांवरून प्रथिनाचा आकार कशाच्या बळावर टिकला आहे याचा अदमास घ्यायचा.

आबांनी ते मन लावून ऐकले. तेव्हापासून कोल्हापूरच्या एसटीत शेजारी जो बसेल त्याला ते सांगू लागले, "पावणं, आमची लेक रक्ताच्या आत बघती. तुमच्या मनात काय हाय तेवढं दिसत न्हाय तिला, म्हणून वाचलासा."

या कुटुंबात विद्यापीठाची पायरी चढलेली ती पहिलीच. आबांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून विद्येविषयी या घरात जी श्रद्धा होती, ती सारी आता या मुलीच्या ठायी एकवटली होती. तापापासून शेतजमिनीच्या वादापर्यंत काहीही निघाले की प्रियाला विचारा, असे होई. आणि विचारल्यावर उत्तर द्यायचे, ही तिलाही सवय जडली होती.

तिचा थोरला भाऊ संघर्ष याला चार वर्षांचा मुलगा होता, आदर्श. गेल्या वर्षी तापाच्या एका औषधानंतर त्याचे डोळे पिवळे झाले आणि लघवी काळपट होऊ लागली. तांबड्या रक्तपेशींचे रक्षण करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, या मुलात जन्मतः दुबळे असावे, असा कोल्हापुरातील डॉक्टरांना संशय आला व त्यांनी जनुकीय तपासणी करविली. विकरातील एका स्थानी ल्युसीन हे अमिनो आम्ल जाऊन तेथे दुसरे आले आहे, एवढे तिच्यातून निघाले. परंतु असा बदल पूर्वी कोणात आढळलेला नसल्यामुळे त्याचा परिणाम अनिश्चित ठरविला गेला. विकराचे बळ प्रत्यक्ष मोजणारी तपासणी काही महिन्यांनी करू, तोवर दुबळ्या पेशी फोडू शकतील अशी अमुक औषधे द्यायची नाहीत आणि त्याच कारणाने घरात डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले.

संघर्षला ती अनिश्चितता सोसेना. त्याने बहिणीला विचारले. तिने कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या आपल्या विभागाच्या संगणकावर त्या विकराची रचना उघडली आणि तपासणीत आलेला क्रमांक शोधला. त्या क्रमांकावर ल्युसीनच उभे होते. नाव जुळले म्हणजे जागा जुळली, असे समजून तिने त्याचे स्पर्श मोजले. ते जवळजवळ नव्हतेच. ते ल्युसीन रेणूच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून होते.

"दादा, ती कडी भाइरच्या अंगाला हाय," तिने फोनवर सांगितले. "कशाला धरून न्हाय ती. बदलली तर बदलली."

घरावरचे मळभ गेले. पुढची तपासणी राहिली ती राहिलीच. शेवंताबाईंनी घोंगड्यांच्या ट्रंकेत पुन्हा डांबरगोळ्या टाकल्या.

चूक उघडी पडली ती एका सामान्य दुपारी. संघप्रियेच्या मार्गदर्शक स्नेहल मॅडम यांनी त्याच विकराच्या रचनेवरून तिने केलेले स्पर्शांचे तक्ते चाळता चाळता सहज विचारले की या रचनेत मोजणी कुठून सुरू होते हे पाहिलेस ना. साखळीच्या आरंभीची पहिली कडी पेशी स्वतःच छाटून टाकते. जनुकाची तपासणी करणारे ती धरून मोजतात, आणि ही रचना ज्यांनी प्रसिद्ध केली त्यांनी ती वगळून मोजले होते. म्हणून सगळे क्रमांक एकाने सरकतात. तक्ते पुन्हा करावे लागतील, एवढे बोलून मॅडम तासाला गेल्या.

तक्ते दुरुस्त करताना संघप्रियेचा हात थांबला. आदर्शचा क्रमांकही सरकणार होता. तिने जी कडी पाहिली होती ती पुढची. बदललेली कडी तिच्या अलीकडची. आणि अलीकडची कडीही ल्युसीनच होती. दोघे सख्खे शेजारी एकाच नावाचे असल्यामुळे नावाची पडताळणी बिनबोभाट पार पडली होती. परंतु साखळी त्या ठिकाणी जिन्यासारखी पिळलेली होती, आणि पिळलेल्या साखळीत शेजाऱ्यांची तोंडे एका दिशेला नसतात. एक बाहेर पाहत होते. दुसरे आत, जेथे विकराचे दोन अर्धभाग एकमेकांना भिडतात तेथे रुतून बसले होते. त्याच्या स्पर्शांनी पडद्यावरची ओळ भरून गेली. ते दोन भाग जोडलेले असतील तोवरच हे विकर काम करते. पैंजणाची दोन टोके अडकविणाऱ्या फाशाची कडी बदलावी, तसा हा बदल होता.

तिने घरी फोन लावला. वहिनीने, शिवानीने, तो उचलला. आदर्श कसा आहे, या प्रश्नावर ती आधी हसली. पोरगं कालपासून मरगळलंय, सारखं निजतंय. परवा आईंनी ट्रंक उघडली तेव्हा पेपरमिंट समजून डांबरगोळी चघळत बसला होता, आईंनी तोंडातून काढली. घरात सगळे घाबरले, पण आत्याने सांगितलेच आहे काही होत नाही म्हणून, असे ती सांगत गेली.

"लघवी कसली होती?" संघप्रियेने विचारले.

"कोऱ्या चहागत," शिवानी म्हणाली. "ताई, काय झालंय?"

"गाडी करा आनि कोल्हापूरला आना त्याला. मी दवाखान्याच्या दारात थांबतो."

ती दारात उभी राहिली. हुपरीकडून येणारी प्रत्येक गाडी ती डोळ्यांनी जवळ ओढीत होती. अखेर ते आले तेव्हा आदर्श संघर्षच्या खांद्यावर मान टाकून होता. ओठ पांढुरके, डोळे हळदीसारखे पिवळे. आत्याला पाहून तो क्षीण हसला. शेवंताबाईंनी तिच्याकडे पाहिले नाही.

डॉक्टर विश्वजित तरुण होते, पण घाईचे नव्हते. जुने कागद पाहून त्यांनी विचारले की डांबरगोळ्या ठेवू नका असे लिहून दिलेले असताना त्या घरात आल्या कशा. आबा पुढे झाले. त्यांनी हात जोडले.

"आमीच इसरलो, साहेब. अडाणी मानसं आमी."

हा शब्द त्या घरात उच्चारायचा नसे. लहानपणी तो स्वतःविषयी वापरला म्हणून याच आबांनी संघप्रियेशी दिवसभर बोलणे टाकले होते. आज तोच शब्द त्यांनी मुलीला झाकण्यासाठी पांघरूण म्हणून काढला होता.

"आबा, नका," ती म्हणाली, आणि डॉक्टरांकडे वळली. "धोका नाही असे मी सांगितले होते. मी चुकीची कडी पाहिली."

तिने सारे सांगितले. डॉक्टरांनी ते ऐकून घेतले, रक्त मागविले, सलाइन लावविले, आणि मग शांतपणे तिला म्हणाले की आताचे तिचे वाचन बरोबर असेलही. पण तेही रचनेचेच वाचन आहे. कोणती कडी कोणाला टेकते यावरून या मुलाच्या अंगात काय घडते हे सिद्ध होत नाही. ते विकर मोजल्यावरच कळेल, आणि आज मोजले तर उत्तर फसवे येईल, कारण दुबळ्या पेशी फुटून गेल्या आहेत आणि उरल्या आहेत त्या नव्या, सशक्त. काही महिने थांबावे लागेल. तोवर पूर्वीचीच पथ्ये.

म्हणजे पहिल्या दिवशी जे सांगितले गेले होते तेच.

बाहेरच्या बाकावर संघर्ष बसला होता. ती त्याच्यापासून थोडे अंतर राखून बसली. तो तिच्याकडे न पाहता बोलला.

"म्हाईत न्हाय, असं म्हनता येत न्हवतं व्हय तुला?"

दर रविवारी विहारात ती पंचशील म्हणे, आणि खोटे न बोलण्याचे शील आपल्यापुरते तरी सांभाळले आहे असे तिला वाटे. खोटे म्हणजे ठाऊक असून दडविलेले, अशी तिची समजूत. ठाऊक नसलेले ठाऊक असल्यासारखे सांगणे तिने कधी त्यात मोजले नव्हते. भावाच्या आवाजातील भीती तिला त्या दिवशी ऐकवेना, आणि तिच्याजवळ तक्ता होता, एवढेच घडले होते.

दिवेलागणीच्या सुमारास आदर्शला रक्त चढू लागले. शिवानी त्याचे पाय चोळीत होती. शेवंताबाई कोपऱ्यात बसून, ट्रंक उघडली तो आपलाच हात, असे पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या. त्यांची समजूत घालायला कोणी धजत नव्हते. संघप्रिया त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी हात ओढून घेतला नाही, धरलाही नाही.

तेवढ्यात परिचारिका तापाच्या औषधाची बाटली घेऊन आली. नव्या पाळीची होती ती. खाटेवरचा कागद तिने पाहिला आणि विचारले, "हे चालतं काय ओ बाळाला?"

सर्वांच्या माना संघप्रियेकडे वळल्या. सवयीने वळल्या, संघर्षचीही. बाटलीवरचे नाव तिच्या ओळखीचे होते. अशा मुलांना ते बहुधा बाधत नाही, असे तिने कुठेतरी वाचलेही होते.

"मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "डॉक्टरांना इचारा."

आबांनी मुलीच्या तोंडून हे शब्द यापूर्वी कधी ऐकले नव्हते. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग परिचारिकेच्या हातातून बाटली घेऊन, चपला पायांत सरकवून ते डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. बाहेरच्या बाकावर कोणाच्या तरी सोबतीला आलेला एक वयस्क माणूस होता. पोराला काय झाले, असे त्याने आपुलकीने विचारले. आबा थबकले, बाटली छातीशी धरली, आणि लेकीविषयी चकार शब्द न काढता पुढे गेले.