एकदाही थांबली नाही

हिमांशूचा फोन आला तेव्हा मी गाडी धूत होतो. आदल्या दिवशीही धुतली होती. घरात बसवत नाही, म्हणून धुतो.

हिमांशू जालना रोडवरच्या शोरूममध्ये जाहिरातीचं काम बघतो. माझी गाडी तिथूनच घेतलेली. तो म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला नऊ वर्षं झाली. एक लाख सत्तर हजार किलोमीटर. एवढी चाललेली आमच्याकडे दुसरी नाही. शनिवारी गाडी घेऊन या. छोटासा व्हिडिओ करायचाय. तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं."

"काय वाक्य?"

"नऊ वर्षांत माझी गाडी रस्त्यात एकदाही थांबली नाही. बस, एवढंच."

मी बरं म्हणालो. माझी बायको सत्यभामा, तिला जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून घराबाहेर पडायला मिळेल अशा कुठल्याही गोष्टीला मी बरं म्हणतो. फोन ठेवला, नळ बंद केला, आणि मग ध्यानात आलं की गाडी तीनदा थांबली आहे.

पहिल्यांदा थांबली ती वैजापूरहून येताना. मे महिना, भर दुपार, लग्न उरकून निघालो होतो. चालता चालता इंजिन बंद. आवाज नाही, धूर नाही. स्टेअरिंग एकदम जड झालं, ब्रेक लागेना. मागे कांद्याचा ट्रक, त्याचा हॉर्न कानात. कशीबशी कडेला घेतली. चावी फिरवून फिरवून बोटं दुखली, गाडी काही चालू होईना.

तेव्हा टीव्हीवर या गाडीची जाहिरात सारखी लागायची. धुक्यातला घाट, नवरा गाडी चालवतोय, शेजारी बायको झोपलेली, मागच्या सीटवर लेकरू झोपलेलं. शेवटी अक्षरं यायची, 'निश्चिंत निघा'. ती बघूनच सत्यभामानं ही गाडी पसंत केली होती. माझ्या मनात दुसरी होती.

ती पदरानं वारा घेत बसली होती. म्हणाली, "अहो, त्या टीव्हीवरल्या बाईची गाडी बंद पडली असंल तरी तिला कळलं नसंल. झोपलेली हाय ती."

वीस मिनिटांनी गाडी आपोआप चालू झाली. घरी आलो तर वहिनीचा फोन, एवढा उशीर का. सत्यभामा म्हणाली, "पंगतच उशिरा बसली." मी शेजारीच होतो. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी शोरूमला नेली. ते म्हणाले, पेट्रोल खराब भरलं असेल. मग गारखेड्याला सम्यकच्या गॅरेजवर नेली. त्यानं टाकीतला पंप काढून हातात दिला. म्हणाला, "गरम झाला की बसतो, गार झाला की उठतो. या मॉडेलला हे हायच, काका. दहा गाड्या येऊन गेल्या माझ्याकडं." त्यानं पंप बदलला. पुढच्या वर्षी गाडी भर सिग्नलला पुन्हा बंद पडली, तेव्हा परत बदलला.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. आमच्याकडं गाडी घेतली की भावकी बघायला येते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, म्हाताऱ्यांना एकेक फेरी मारून आणावी लागते. त्यानंतर तीच गाडी खराब निघाली असं कोण सांगणार? म्हैस आटली तर माणूस गावभर सांगतो, गाडीचं नाही सांगत. त्यात मी सव्वीस वर्षं वाळूजच्या कंपनीत माल तपासणीला. मी पास केलेल्या नगावर माझ्या नंबरचा ठसा पडायचा. आमच्या गावी, पिशोरला, लोक म्हणायचे, बद्रीनाथनं घेतली म्हणजे पारखून घेतली असणार. माझ्यामागं पिशोरला तीच गाडी आणखी चौघांनी घेतली. गाडीच्या कंपनीला त्यासाठी टीव्हीवर काही दाखवावं लागलं नाही.

आणि सत्यभामा जिथं जाईल तिथं सांगायची, आमची गाडी लई भरवशाची. डायलिसिसला जायची तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या बायकांनाही सांगायची. गाडी मी पीएफ काढून घेतली होती. तिला ते माहीत होतं.

गुरुवारी अपेक्षा आली. माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आधी ती शहरातल्या हॉस्पिटलात नर्स होती, सत्यभामाच्या डायलिसिसची वेळ तिनंच लावून दिली होती. आता तिची नोकरी पिशोरच्या आरोग्य केंद्रात आहे आणि सासर कन्नडला; नवरा ऋतुराज तिथलाच. तीन वर्षांच्या संस्कृतीला स्कूटीवर पुढं उभी करून रोज घाटातून जाते, मुलीला आईकडं ठेवते आणि कामावर जाते.

तिनं डबा आणला होता. मी जेवत होतो आणि ती उभ्या उभ्या घर आवरत होती.

"काका, शनिवारी मी पण येणार शोरूमला. गाडी घेतोय आम्ही. तुमच्यासारखीच. नवी नाही, त्यांच्याच जुन्या गाड्यांतली. कंपनीनं तपासलेली आहे, तसा कागद लावलाय काचेवर."

माझा घास हातात राहिला. "कुठल्या साली निघालेली?"

"तुमच्याच साली. ऋतुराज दुसरीच म्हणत होता. मी म्हणलं, माझी काकू आठवड्यातून दोनदा त्या गाडीत डायलिसिसला जायची, एकदाही बंद पडली नाही. तुझ्या मित्राचं ऐकू का काकूचं ऐकू? गप्प बसला मग." तिनं फोनवर जाहिरात लावली. तोच घाट, तेच धुकं. "संस्कृतीला पाठ झालीय. ते लेकरू झोपलं की ही पण डोळे मिटती."

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती काकूचं नाव असं घेत होती की माझ्या तोंडातून निघेना. सत्यभामा गेली आणि तिचा शब्द मी खोटा करायचा? मी म्हणालो, "भाजी चांगली झालीय." अपेक्षा खूश होऊन गेली.

रात्र कशीतरी गेली. शुक्रवारी सकाळी सम्यककडं गेलो. मला वाटलं तो म्हणेल, आता नवा पंप निघालाय, टाकला की मिटलं. गॅरेजच्या दारात पिशोरच्या कडुबाची गाडी उभी होती. कडुबा माझा चुलतभाऊ, माझ्यामागं गाडी घेतलेल्या चौघांतला पहिला. मला बघून तो स्टुलावरून उठला.

"रामराम दादा. एसीचं काम होतं जरा."

"एसीचं?"

"व्हय. गार नाय होत." गाडीची मागची सीट काढून बाहेर ठेवलेली होती आणि टाकीचं झाकण उघडं होतं. कडुबानं तिकडं पाठ केली. "तुम्ही कसं काय?"

"हवा चेक करायला."

"बरं बरं. लई पळाली तुमची. आमची पण पळती म्हणा."

"पळायलाच पाहिजे."

खाली वाकलेला सम्यक तिथूनच म्हणाला, "दोघांची बी लई पळती. माझंच गॅरेज हिच्या जिवावर पळतंय."

कडुबा पान खाऊन येतो म्हणून निघून गेला. सम्यक हात पुसत उठला.

"तो तुम्हाला भितो, काका. म्हणतो, दादाची बंद पडत नाय, माझीच पडती, माझंच चालवणं वाईट असंल."

"तू सांगितलं का नाहीस त्याला?"

"गिऱ्हाइकाचं दुसऱ्या गिऱ्हाइकाला कसं सांगू? तुमच्या भावकीचं तुम्ही बघा." मग मी शनिवारच्या व्हिडिओचं सांगितलं. तो हसला. "तुमचं चांगलंय. आतापर्यंत जाहिरात फुकट करत होता, आता कॅमेऱ्यात करा."

मी विचारलं, पुतणी तीच गाडी घेतेय, रोज पिशोरच्या घाटातून जाणार, तिचा पंप आधीच बदलला तर?

"तुमचा दोनदा बदलला, तरी तिसऱ्यांदा थांबलीच ना? मी बदलून दीन. पण घाटात उसाच्या ट्रकपुढं थांबणार नाय असा शब्द नाय देणार. मी जाहिरात नाय करत."

तिथून निघालो, पण घरी गेलो नाही. बीड बायपासला गेलो, परत आलो, परत गेलो. अपेक्षाला दोनदा फोन लावला आणि एका रिंगनंतर कापला. तिनं उलट फोन केला तर म्हणालो, चुकून लागला.

शनिवारी शोरूममध्ये माझी गाडी आत नेऊन दिव्यांखाली उभी केली होती. टायरला काळं पॉलिश मारलं होतं. मला बॉनेटवर हात ठेवून उभं केलं. पलीकडं काचेच्या टेबलाशी अपेक्षा आणि ऋतुराज बसले होते, पुढ्यात कागद. संस्कृती तिथल्या खुर्चीवर गोल गोल फिरत होती. अपेक्षानं मला हात केला.

"काका, बोला," हिमांशू म्हणाला.

"नऊ वर्षांत माझी गाडी." पुढचं आलं नाही.

"काही हरकत नाही. परत. जरा हसून."

दुसऱ्यांदा हसलो, तर वाक्य विसरलो. तिसऱ्यांदा खोकला आला. हिमांशूनं पाणी दिलं. "काका, टेन्शन घेऊ नका. खरं तेच बोलायचंय, त्यात काय अवघड?" तो चांगला माणूस आहे. त्याला खरंच तसं वाटत होतं.

टेबलाशी कुणीतरी अपेक्षाच्या हातात पेन दिलं. कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं.

"नऊ वर्षांत माझी गाडी तीनदा थांबली," मी म्हणालो.

"'एकदाही थांबली नाही', काका."

"तीनदा. चालता चालता बंद पडते. पंप दोनदा बदलला. वैजापूरच्या रस्त्यावर मागून ट्रक आला होता."

कॅमेरा धरलेल्या मुलीनं हिमांशूकडं बघितलं. हिमांशू म्हणाला, "बंद कर." मग माझ्याजवळ येऊन हळूच, "काका, हे आपण आत बसून बोलू ना. गिऱ्हाईक आहेत समोर."

"ते गिऱ्हाईक माझी पुतणी हाय."

अपेक्षा पेन हातात घेऊनच आली. "काका, तुम्ही गंमत करताय का?"

"नाही."

"मग काकू?"

"काकू खोटं सांगायची. मला वाईट वाटू नये म्हणून. आणि तिनं पसंत केलेली गाडी म्हणून मी गप्प बसायचो."

तिनं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, "तीनदा म्हणालात. तिसऱ्यांदा कधी?"

मला ठाऊक होतं ती हे विचारणार. त्यासाठीच तर तीन दिवस तोंड उघडत नव्हतं.

"एप्रिलमध्ये. बुधवारी. अकराची वेळ होती आमची."

अपेक्षाचा चेहरा उतरला. त्या बुधवारी बायपासवर गाडी बंद पडली आणि आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. आमची वेळ दुसऱ्याला गेली होती. सत्यभामाला संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागलं. अपेक्षा तेव्हा तिला सगळ्यांसमोर बोलली होती, वेळेवर निघता येत नाही का, मी किती जणांच्या हातापाया पडते. सत्यभामा म्हणाली होती, "चुकलं बाई. साडी नेसण्यातच वेळ गेला."

"साडी म्हणाली ती मला," अपेक्षा म्हणाली.

"हो."

"मी तिला किती बोलले. आणि तुम्ही तिथं उभे होता."

"होतो."

"एक शब्द बोलला नाहीत."

 ऋतुराज उठून आला, त्यानं तिच्या हातातलं पेन घेतलं आणि टेबलावर नेऊन ठेवलं. हिमांशूला म्हणाला, "सध्या राहू द्या." त्यानं संस्कृतीला उचललं. अपेक्षा माझ्याकडं न बघता त्यांच्यामागं गेली. मी पायरीपर्यंत गेलो तर म्हणाली, "आत्ता नको, काका."

मला गाडी बाहेर काढून मिळायला अर्धा तास लागला. ती चकचकीत गाडी घेऊन मी पिशोरला गेलो. घाट चढताना दोनदा उगाच कडेला थांबलो. कडुबा ओट्यावर बसला होता. त्याला म्हणालो, "तुझं चालवणं चांगलंय. माझी पण थांबती." त्यानं सरकून मला ओट्यावर जागा करून दिली. मग म्हणाला, "चार वर्षं झाली दादा, बायको बसंना माझ्या गाडीत." बाकी तिघांकडंही गेलो. एकानं दार उघडून ऐकून घेतलं आणि चहा विचारला नाही.

अपेक्षाचा फोन मंगळवारी आला.

"ऋतुराज विचारतोय, मग कुठली गाडी घ्यायची."

"मला नको विचारू."

"मग कुणाला विचारू?"

"सम्यककडं जाऊन दोन तास बस. कुठल्या गाड्या येतात, काय होऊन येतात, ते बघ. मालकाला विचारू नको, तो सांगणार नाही. मिस्त्रीला विचार."

"बरं." ती थांबली. मला वाटलं ठेवते. "त्या बुधवारी किती वेळ होता रस्त्यात?"

"पस्तीस मिनिटं."

"उन्हात?"

"दारं उघडी ठेवली होती."

"पाणी होतं का जवळ?"

"बाटली होती. प्यायली नाही ती. दिवसाचं पाणी मोजून दिलेलं होतं ना तुम्ही. म्हणाली, दुपारी जेवताना लागंल."

तिनं फोन ठेवला नाही. तिकडं संस्कृतीचा आवाज येत होता. मी फोन कानाला लावून या खोलीतून त्या खोलीत चालत राहिलो.