पोकळ ठोका

माझ्या वडिलांना ऐकू कमी येतं, हे मला वर्षभरापासून माहीत होतं आणि मी ते झाकून ठेवलं होतं. चूक माझीच, आधीच सांगून टाकते.

बारामतीच्या एमआयडीसीत आमची मिश्रधातूची भट्टी. तिच्यात वीज नेणारा इलेक्ट्रोड म्हणजे कवेत न मावणारं लोखंडी नळकांडं. वरच्या मजल्यावरून त्यात डांबर-कोळशाच्या पेस्टच्या ढेपा टाकायच्या. त्या उष्णतेनं वितळून खाली बसतात आणि भाजून दगड होतात. एखादी गार ढेप मध्येच अडकली की तिच्याखाली पोकळी राहते. मग इलेक्ट्रोड मोडतो आणि खालच्या माणसांच्या अंगावर आगीचा लोळ येतो.

म्हणून रोज भार, म्हणजे भट्टीची वीज, बंद करून नळकांड्यावर हातोडी ठोकायची. भरलेलं असलं तर थप्प वाजतं, पोकळ असलं तर ठण्ण. सव्वीस वर्षं हा ठोका आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ज्ञानू मिस्त्रींचा. मी त्याच भट्टीवर इंजिनीअर झाले, तेव्हा त्यांनी आमच्या अख्ख्या अंथुर्णे गावात पेढे वाटले. अशा माणसाला 'तुमचे कान गेले' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ते जिना उतरले की मी गुपचूप पुन्हा ठोकून बघायची.

काल मी मावसबहिणीच्या लग्नाला निरवांगीला गेले. आज येऊन वजन बांधलेली दोरी आत सोडली, तर पेस्ट नोंदवहीतल्या कालच्याच पातळीवर. रोज ती खाली बसत जाते, आज इंचभरही सरकली नव्हती.

"मॅडम, काल आबांनी ठोकलंय की," भट्टीवरचा मदतनीस संदेश म्हणाला. "भरलंय म्हणाले."

मी भार बंद करायला लावला आणि हातोडी मारली. ठण्ण. वीतभर खाली मारली. पुन्हा ठण्ण.

डोकं फिरलं ते स्वतःवरच, पण खेकसले बिचाऱ्या संदेशवर. खालची माणसं हटवली, नळकांड्याला गरम हवेचा ब्लोअर लावला. तीन तासांनी ढेप सुटली आणि दोरी भसकन हातभर खाली गेली. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

आबा एका बाजूला बसून नव्या ढेपा फोडत होते. लहान तुकडे अडकत नाहीत.

"किती दिस ठावं हुतं तुला?" त्यांनी विचारलं.

"वरीस झालं."

"आन् माझ्यामागनं ठोकत हुतीस?"

"व्हय. तुमची मान खाली जाऊ नये म्हणून."

त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं, ते सगळ्यांनी ऐकलं. आबा रागावले असते तर बरं झालं असतं.

"माझी मान वर ऱ्हावी म्हणून खालच्या चार पोरांचा जीव टांगलास व्हय गं?"

मी सगळ्यांदेखत रडले. आबांचे हात पेस्टनं काळेकुट्ट, म्हणून त्यांनी माझे डोळे कोपरानं पुसले. मग संदेशकडं वळून ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय. आजपासनं ठोका हिचा."

तुकडे भरून झाले, वितळून खाली बसले. त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. मी वरपासून खालपर्यंत ठोकत गेले. ते नळकांड्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काय म्हणतंय?"

"भरलंय, आबा."

"मग चढवा भार," ते म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या ठोक्यावर भट्टी सुरू करायला सांगितली.