मोरपिशी रंगाची हमी

सोनालीने फोनवर ती जाहिरात पाहिली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत रंगाने माखलेले रबरी मोजे होते, म्हणून तिला स्क्रीन नाकाने वर सरकवावी लागली. ‘मोरपिशी पापण्या. महिनाभर टिकणार. पाण्यात पोहा, घामात नाचा, रंग जाणार नाही.’ खाली जितेशचा फोटो, अंगठा वर केलेला.

जितेश तिचा धाकटा दीर. साजगावला कारखान्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन त्याने कृत्रिम पापण्या बनवायचं काम सुरू केलं होतं. ब्युटी पार्लरमध्ये एकेका खऱ्या पापणीला गोंदाने चिकटवतात, त्या. याआधी तो लग्नांत लायटिंग लावायचा. सोनाली लग्नाआधी मोहोपाड्याला रंगद्रव्यांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत होती, त्यामुळे पापण्या रंगवायचं काम न मागता तिच्या गळ्यात पडलं होतं.

“जितेश, हे कोणी लिहिलं?”

“मीच. का, चांगलं नाय वाटत?”

“महिनाभर कुठला रंग टिकणार हाय? तुला सांगितलं होतं ना मी.”

“तुमी म्हणालात अवघड हाय. जमणारच नाय, असं नव्हतं म्हणालात.”

सोनालीने मोजे काढून पिंपावर टाकले. याला समजावणं म्हणजे तेच ते पुन्हा पहिल्यापासून सांगणं. तरी तिने सांगितलं.

काळ्या पापण्यांचं काही अडत नव्हतं. केसाहून बारीक प्लॅस्टिकचा धागा रिळावर यायचा तो काळाच यायचा. धागा ओढतानाच वितळलेल्या मालात काळं मिसळलेलं असतं, रंग त्याच्या पोटातच असतो. मग तो कापायचा, टोकं क्षाराच्या गरम पाण्यात झिजवून निमुळती करायची, धातूच्या नळीवर गुंडाळून भट्टीत भाजायचा म्हणजे वळण बसतं, आणि शेवटी सुरेखाने चिमट्याने एकेक पापणी पट्टीवर ओळीत लावायची. सुरेखा डोंगरातल्या वाडीवरून कामाला यायची, कमी बोलायची आणि जितेशच्या बोलण्याकडे तर मुळीच लक्ष द्यायची नाही. सोनालीला तिचा हेवा वाटायचा.

रंगीत पापण्यांची मात्र दोन्हीकडून ओढाताण होती. पोटात रंग असलेला धागा बाहेरून मागवला तर रंग पक्का, पण छटा मोजक्या आणि मंद. शिवाय रंगद्रव्य जास्त घातलं की धागा ताठर होतो, खऱ्या पापणीला नीट बिलगत नाही आणि लवकर गळतो. दुसरी वाट म्हणजे पांढरा धागा घेऊन गरम रंगात शिजवायचा. मग छटा हवी तशी, अगदी लखलखीत. पण शिजताना भट्टीत बसवलेलं वळण सैल पडतं. पुन्हा भाजावं तर आत शिरलेला रंग उष्णतेने पृष्ठभागावर येऊन बसतो, आणि तेल लागलं की निघतो.

“म्हणजे रंग तरी नाय तर वळण तरी,” सोनाली म्हणाली. “काय पायजे ते ठरव.”

“दोन्ही एकत्र नाय का होत?”

हा प्रश्न तो रोज विचारायचा. कधी चहा पिता पिता, कधी टेंपोच्या खिडकीतून. जणू उत्तर सोनालीने लपवून ठेवलं होतं आणि नेमक्या वेळी विचारलं की तिच्या तोंडून निसटणार होतं.

जाहिरात मागे घ्यायला तो तयार नव्हता, कारण ऑर्डर आली होती. कर्जतला पार्लर चालवणाऱ्या अक्षदाने नवरीसाठी मोरपिशी पापण्या मागितल्या होत्या. लग्न कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका फार्महाउसवर. तिथे फोटो छान आले तर पुढच्या सगळ्या नवऱ्या आपल्याच, असं जितेशचं म्हणणं होतं.

सोनालीने आधी तयार रंगाचा धागा मागवला. मोरपिशी म्हणून जे आलं ते ताडपत्रीचं निळं होतं. मग तिने पांढरा धागा शिजवला. पहिल्या खेपेचा रंग बघून सुरेखासुद्धा काम थांबवून उठली. निळा, आणि कलता केला की त्यातूनच हिरवा. सोनालीला स्वतःचं कौतुक वाटेपर्यंत पापण्यांचं वळण मात्र सैल पडलं होतं. डोळ्यांवर लावल्या तर चार दिवसांत त्या सरळ झाल्या असत्या. तिने तो ट्रे डब्यात घालून फळीवर ठेवून दिला. दुसरी खेप तिने पुन्हा भाजली, धुतली, परत धुतली. वळण घट्ट बसलं. रंग धुण्यात थोडा गेला, उरला तो बरा होता, बस. महिन्याच्या हमीच्या नादात तिने आठवडाभर सिंकपाशी उभं राहून स्वतःचाच चांगला रंग मोरीत सोडला होता.

ती खेप घेऊन ती स्वतः पळसदरीवरून स्कूटीने कर्जतला गेली. जितेशने अक्षदाला काय सांगितलं असेल याचा तिला अंदाज होता.

“महिना,” अक्षदा म्हणाली. “पाणी लागलं तरी चालेल म्हणाला. मी नवरीला तसंच सांगितलंय.”

“पाणी चालेल. तेल नाय चालणार. हळद झाल्यावर लावा.”

“ताई, हळदीचे फोटो काढायचेत. त्याच्यासाठीच तर हवंय.”

“मग काळा गोंद लावा, तो जास्त पकडतो.”

“निळ्याच्या मुळाशी काळा गोंद? मळ साचल्यासारखा दिसतो तो. मी बिनरंगाचा वापरणार.”

“तो लवकर सुटतो.”

अक्षदाने हातातला चिमटा टेबलावर ठेवला. “मग मला एकदा सांगा ना, या पापण्या कशाला चालतात? तेलाला नाही, बिनरंगाच्या गोंदाला नाही. तुम्ही येऊन हे सांगताय, तो फोनवर ते सांगतो. शिव्या मात्र माझ्या दुकानात येऊन देतात लोक.”

सोनालीला तिचा राग आला नाही. हेच सगळं तिला स्वतःला कुणाला तरी ऐकवायचं होतं. निदान हळदीत डोळ्यांपाशी तेल लावू देऊ नका, एवढं तिने पुन्हा बजावलं आणि निघाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी अक्षदाचा फोन आला. फार बोललीच नाही. “येऊन बघा,” एवढंच.

सोनालीने जितेशला टेंपोतून उतरवून स्कूटीवर मागे बसवलं. “आज मी एकटी नाय जाणार. महिन्याची हमी तू दिलीस, तोंडही तूच दाखवायचं.” निघताना फळीवरचा डबा तिने पिशवीत टाकला. दुसरं नेण्यासारखं शेडमध्ये काही नव्हतं. रस्ताभर जितेश मागून काही ना काही सुचवत होता. हळदच भेसळीची असेल. अक्षदाने नीट लावल्या नसतील. सोनालीने आरशातून त्याच्याकडे बघितलं नाही.

फार्महाउसवर मांडवाला झेंडूच्या माळा चढत होत्या. आतल्या खोलीत नवरी, किरण, केस विंचरून खुर्चीत बसली होती. मोहोपाड्याच्या एका दवाखान्यात ती परिचारिका होती. रडलेली नव्हती, आणि त्याचीच सोनालीला जास्त धास्ती वाटली. आदल्या दिवशी मामी, काकू, आत्या अशा सगळ्यांनी तेलहळद कपाळापासून हनुवटीपर्यंत चोळली होती. निळ्याचं काय झालं होतं ते सांगायलाच नको. हळदीचा पिवळा आणि उरलेला निळा मिळून डाव्या डोळ्याच्या पापण्या शेवाळी झाल्या होत्या, उजव्याच्या नुसत्या पांढुरक्या. कोपऱ्यातल्या काही गळून गेल्या होत्या.

किरणने जितेशकडे पाहिलं. “महिना म्हणालात ना तुम्ही. तो सुरू कधी होतो?”

जितेशने खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. “मॅडम, तेलामुळं झालं असंल. तसं आमचं प्रॉडक्ट…”

“जितेश, गप रं,” सोनाली म्हणाली. मग तिने किरणला सगळं सरळ सांगितलं. रंग हवा असेल तर वळण राहत नाही, वळण पक्कं केलं तर रंग वर येतो आणि तेलाने जातो. महिनाभर दोन्ही टिकवणं आपल्याला जमत नाही. जे जमत नाही ते छापायला नको होतं, पण छापलं गेलं.

किरणने ऐकून घेतलं. “पण महिना मागितला कुणी?” ती म्हणाली. “मी तर आठवड्याने ड्युटीवर जाणार. निळ्या पापण्या घेऊन वॉर्डात फिरू? हळदीची संध्याकाळ आणि आजचा दिवस, एवढंच मला हवं होतं. अक्षदाताईंना मी तसंच म्हणाले होते.”

अक्षदा म्हणाली, “मी जितेशला सांगितलं होतं.”

जितेश म्हणाला, “मला वाटलं, महिना दिला तर जास्त आवडंल.”

सोनाली खाटेच्या कडेवर बसली. आठवडाभर मोरीत सोडलेला रंग तिच्या डोळ्यांसमोरून गेला. जितेशवर तोंडसुख घ्यायची सोय नव्हती. कारण एवढ्या धुण्याभाजण्यात तिनेही नवरीला एकदा विचारलं नव्हतं, बाई, तुला किती दिवस हवंय? रंगाचं तिला सगळं ठाऊक होतं. ज्या डोळ्यांवर तो बसणार होता त्यांची चौकशी करायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिने पिशवीतून डबा काढला. ट्रे उघडल्यावर किरण आरशासमोरून पुढे वाकली.

“ह्या सैल हायत,” सोनालीने आधीच सांगितलं. “परवापर्यंत सरळ होऊ लागतील. पण रंग आत शिजलाय, हाताला लागत नाय, डोळ्यातही उतरणार नाय. आजचा दिवस निघेल.”

“आजचाच तर काढायचाय.”

जुन्या पापण्या सोडवायला वेळ लागला. अक्षदाने गोंद विरघळवायचं जेल लावलं आणि किरण डोळे मिटून पडून राहिली. मांडवातून कुणीतरी येऊन मुहूर्ताची आठवण करून द्यायचं, अक्षदा मान वर न करता हाताने परत पाठवायची. मग सोनाली आणि अक्षदाने मिळून ठरवलं. आतल्या बाजूला अक्षदाकडच्या काळ्या, काळ्या गोंदाने घट्ट. बाहेरच्या कोपऱ्याकडे मोरपिशी, बिनरंगी गोंदाने. गळल्या तरी कोपऱ्यातल्या थोड्याच गळतील, आणि डोळा उघडा पडणार नाही. सोनाली चिमट्यावर एकेक पापणी धरून देत होती. जितेशला बाहेर गाद्या उचलायला पाठवलं होतं, आणि ते काम तो मन लावून करत होता.

किरणने डोळे उघडले तेव्हा खिडकीतला उजेड सरळ तिच्या चेहऱ्यावर होता. तिने मान थोडी वळवली, तसा निळ्यातून हिरवा निघाला. 

“हे मला कालच का नाही दिलंत?” तिने विचारलं.

सोनालीकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि बाहेर वाजंत्री सुरू झाली होती.

लग्न नीट लागलं. चौथ्या दिवशी अक्षदाने उरलेल्या पापण्या काढून टाकल्या. सरळ झाल्या होत्या, रंग तेवढाच होता. तिने सोनालीला त्यांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, अशाच अजून हव्यात, फक्त लग्नाच्या दिवसापुरत्या.

जितेशने तो फोटो बघितला आणि संध्याकाळच्या आत नवी जाहिरात टाकली. ‘एका दिवसाची नवलाई. खास नवरीसाठी.’ कल्पना आपलीच आहे असं तो आईला, इंदूबाईंना, जेवताना सविस्तर सांगत होता. इंदूबाई भाकरी वाढता वाढता सोनालीकडे बघून म्हणाल्या, “बोल की गं काहीतरी.” सोनालीने भाजी पुढे ओढली. बोलण्यात अर्थ नव्हता, आणि या वेळी जाहिरातीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं, हे तिला जास्त झोंबत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक मात्र बदललं. ऑर्डरचा फोन आला की तो जितेशने घ्यायचा नाही. फोन ती स्वतः घ्यायची आणि पहिलं विचारायची, कधी लावणार, तेल लागणार का, किती दिवस हवंय. बहुतेकींना दोन-तीन दिवस पुरत होते. महिनाभर हवं म्हणणारीला ती काळ्या पापण्या घ्यायला सांगायची. काही जणी रागावून फोन ठेवायच्या. सोनाली त्यांना ठेवू द्यायची.

जितेश दारात उभा राहून ऐकायचा आणि डोक्याला हात लावायचा. एकदा तर त्याने सुरेखालाच विचारलं, “ही गिऱ्हाईक घालवते का आणते गं?”

सुरेखाने चिमट्यातली पापणी पट्टीवर नीट बसवली आणि पुढची उचलली.

“वहिनी,” तो आत येऊन म्हणाला, “पनवेलवरून एकीचा मेसेज आलाय. दुपारी निळ्या दिसायला पायजेत आणि संध्याकाळी सोनेरी. मी सांगितलं, बघतो.”

सोनालीने हातातले मोजे त्याच्या हातात दिले. “बघ मग,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.