पंखाला लागतं सुती कापड

धुडकू लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा फिटर. शाळा चौथीपर्यंत, तीपण रडतखडत. सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत पंखा दुरुस्त करायला गेला, तर जयश्रीबाई सातवीच्या पोरींना जुन्या लढाऊ विमानांचं शिकवत होत्या, अन् चित्र बघून पुठ्ठ्याचं मॉडेल करून घेत होत्या. त्याची पल्लवी त्याच वर्गात. चित्र बघून गडी स्टुलावरच थबकला.

"बाई, हे पंख कापडाचे का?"

"हो दादा. पहिल्या महायुद्धातली विमानं. लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड."

"मग पुठ्ठा कशाला चिकटवताय? कापडाचं काम आमचं."

बाईंनी पंखाचं काम त्याच्यावर सोपवलं. धुडकूने बांबूच्या कामट्यांचे एकावर एक दोन पंख केले, मध्ये तिरक्या तारा ओढल्या. "एकटा पंख लवला असता. दोघं बांधले की भार वाटून घेतात," पोरींना म्हणाला. मग लूमवरचं कापड चढवलं, कांजी लावली. सकाळी बघतो तर पंख वाळत घातलेल्या पायजम्यासारखा लोंबलेला.

हेडमास्तर भगवान सर हसले. "फिटर शिकवणार म्हटल्यावर हेच व्हायचं. उद्या शाळा तपासायला साहेब येणार. पुठ्ठा लावा. अन् तुम्ही उद्या शाळेत दिसू नका."

धुडकूला तिडीक आली. चूक मात्र त्याचीच होती. वीस वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाचा हात कापड म्हटलं की पॉलिस्टरवरच जातो. अन् पॉलिस्टर ना कांजी पितं, ना आवळतं. पाहिजे होतं सुती, तेपण कोरं. अख्ख्या गल्लीत मिळेना. शेवटी ट्रंकेतून सासरचं कोरं धोतर काढलं.

बायकोने, उषाबाईने, त्याचा कात्रीचा हात धरला. "पोरीच्या लग्नात काय लुंगी गुंडाळणार?"

"पोरगी सातवीत आहे. सोड."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तेव्हा धुडकू रात्रीतून धोतर चढवलेल्या पंखाशेजारीच उभा.

"तुम्हाला काय सांगितलं होतं?" भगवान सर दातओठ खात पुटपुटले.

"ऐकलं होतं. तरी आलो." मग साहेबांकडे वळून, "टिचकी मारा साहेब."

कापड ताशासारखं वाजलं.

"हे कुणी शिकवलं?"

भगवान सर बाईंकडे हात करणार, तोच धुडकू बोलला, "मी. चौथी पास. पहिल्यांदा चुकलो, तेपण पोरींना सांगितलं. मला काढायचं तर पंखासकट काढा."

साहेबांनी पुन्हा एक टिचकी मारली. सर दाराकडे बघत राहिले. धुडकूने बाक ओढला, बसला.

"आता शेपटी. ती नसली तर विमान नाकावर आपटतं. पल्लवी, कामटी दे."